ताईंची वही

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आणि तोवर मी माण तालुक्यातल्या शाळेत बराच वरच्या वर्गात पोचलो होतो. शब्द, स्पेलिंग, अर्थ असं एका सुरात घोकायचं, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलो, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली आणि वीरकरांचा कोश उघडून तेच सुरू ठेवलं. सकाळी पाठ केलेला शब्द संध्याकाळी परका व्हायचा. इंग्रजी आपल्या नशिबात नाही, असं मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंच्या ते लक्षात आलं असावं. एका दुपारी चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "आज कोणता शब्द अडलाय?"

"पॉसिटी. म्हणजे टंचाई. कितीदा लिहिला तरी डोक्यात राहत नाही."

"यात तुला आपला कुठला शब्द ऐकू येतो?"

"पाऊस," मी म्हणालो.

"मग गावाकडचा पाऊस डोळ्यांपुढे आण."

मी भरून आलेलं आभाळ आणि वाहता ओढा सांगू लागलो. ताईंनी मला थांबवलं. असा पाऊस आठवलास तर परीक्षेत 'मुबलक' या पर्यायावर खूण करून येशील, म्हणाल्या. आवाजानं नुसता धागा मिळतो, अर्थ चित्रात दिसायला हवा. मग मी आमच्या वस्तीवरचा मे महिना सांगितला : टँकर आलाय, आई हंडे घेऊन रांगेत उभी आहे आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही. "हेच वहीत काढ," त्या म्हणाल्या. वेडंवाकडं का होईना, काढलं. तो शब्द पुन्हा कधी विसरलो नाही.

ताईंच्या स्वतःच्या वहीत तीन रकाने होते. इंग्रजी शब्द, त्यात ऐकू येणारा मराठी शब्द आणि छोटंसं चित्र. 'मीगर' म्हणजे तुटपुंजं. त्याच्यापुढे 'मी गरीब' आणि उलटे काढलेले रिकामे खिसे. मी ती वही झेरॉक्स करायला मागितली, तर त्यांनी दिली नाही. दुसऱ्याचं चित्र आपल्या डोक्यात टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. त्या नकाराचे उपकार आज मला सर्वांत मोठे वाटतात.

चित्र काढून त्या मोकळं सोडत नसत. उद्या, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, चित्र झाकून अर्थ विचारायच्या. शिवाय प्रत्येक शब्दाचं वाक्य करायला लावायच्या. या युक्तीनं समोर आलेल्या शब्दाचा अर्थ आठवतो, पण बोलताना तो आपणहून तोंडी यायला वापरच लागतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून त्या माझ्यासाठी हे करत होत्या.

नोकरी लागल्यावर कधीतरी वाचनात आलं, की अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड ॲटकिन्सन यांनी एका सहकाऱ्याबरोबर हीच रीत १२० रशियन शब्दांवर तपासली होती. तो अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. रशियनमध्ये घंटेला 'झ्वनोक' म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्याला त्यात 'ओक' ऐकू येतो, म्हणून त्यानं घंटा लटकलेलं ओकचं झाड मनात आणायचं. असं शिकलेल्यांचे ७२ टक्के अर्थ बरोबर आले, बाकीच्यांचे ४६ टक्के. वाचता वाचता मला ताईंच्या वहीतले ते उलटे खिसे दिसू लागले.

ताईंना पद मिळालं नाही. वयोमर्यादा संपली तशा त्या गावी परतल्या आणि आता तिथं मुलांच्या शिकवण्या घेतात. कचेरीत इंग्रजी परिपत्रक आलं की मी ते कोश न उघडता वाचतो, ते त्यांच्यामुळे. त्यांच्यासमोर हे नीट बोलायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहिलं.