सुई वस्तीतली नव्हती

आय एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड पुसायची. बावीस वर्षं. शेवटची नऊ ठेकेदाराकडं. हातमोजे मागितले की मुकादम म्हणायचा, "तुला काय आप्रेशन करायचंय का?" २०१८ साली कचऱ्यातली सुई तिच्या तळव्यात घुसली. चार दिवसांत हात टरारून सुजला. पू झाला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, उतार नाही. डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाला, "वस्तीत स्वच्छता ठेवत नाही तुम्ही. घरनं आणता हे." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही.

पुवाचा रिपोर्ट आला. स्टॅफिलोकोकस ऑरिअस. पेनिसिलिनपुढं 'आर', सेफॉक्सिटिनपुढं 'आर'. म्हणजे जंतू जुमानत नाही. मग मी वाचायला बसलो.

हा जंतू साधारण दर तिघांत एकाच्या नाकात असतो. सोवळ्यातल्या नाकातबी. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं ते याच जंतूच्या थाळीत. औषध सर्रास सुरू झालं तसे कच्चे जंतू मेले, पेनिसिलिन तोडणारे उरले, आणि न धुतलेल्या हातांवरनं खाटेखाटेला गेले. लंडनच्या हॅमरस्मिथ दवाखान्यात मेरी बार्बर या डॉक्टरीणबाईनं मोजलं : १९४६ साली शंभरात १४ निगरगट्ट, १९४८ ला ५९. दोन वर्षांत! आणि हे साहेबाच्या चकाचक दवाखान्यात. तिथं कुठली आली आपली वस्ती? पुढं मेथिसिलिन काढलं, तर १९६१ सालीच त्यालाही न जुमानणारा नोंदला गेला. तोही इंग्लंडातच.

आता तो वस्त्यांतही फिरतो, हे खरं. आयला कुठं लागला हे रिपोर्टावरनं कळत नाही. पण सुई वस्तीतली नव्हती.

शेवटी व्हॅन्कोमायसिन लागू पडलं. सलाईनमधनं, थेंबथेंब, तासभर एक डोस. हात वाचला, दोन बोटं आखडली ती आखडलीच. ठेकेदारानं सगळे दिवस खाडे धरले. भरपाईचा अर्ज दिला तर म्हणाला, हजेरीपटावर बाईचं नावच नाही. रिपोर्टाची झेरॉक्स मी लावली होती. साहेबानं ती चिमटीत धरून बाजूला सारली, आणि उठून हात धुतले.

आय खाटेवरनं एवढंच विचारायची, "माझ्या जागी आली त्या पोरीला हातमोजे दिले का रं?"

दिले नव्हते.