हेड उतरवल्यावर

प्रीमियर पद्मिनीचं बोनेट उघडलं की आधी डोळ्यांत भरते ती मोकळी जागा. चार सिलिंडरांचं 1089 सीसीचं इंजिन तिथे ऐसपैस बसलेलं असतं. हात कोपरापर्यंत आत जातो, पाना फिरतो, निसटलेला नट सरळ फरशीवर पडतो. हल्लीच्या गाड्यांत तो कुठे गडप होतो, देव जाणे.

पॉइंट बदलणं हे उभ्या उभ्याचं काम. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असताना डेलकोतली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, ही इवलीशी जोडी सहा हजार वेळा उघडमीट करते. जुनी जोडी उजेडात धरावी. एका टोकावर खळगा, समोरच्यावर उंचवटा. ठिणगीगणिक धातू इकडचा तिकडे गेलेला. उंचवटा फारच वाढला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

खरा रविवार जातो तो हेडमध्ये. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत आणि या कुरबुरीचा मार मधलं गॅस्केट खातं. दोन सिलिंडरांमधल्या त्याच्या अरुंद पट्टीवर जळका काळा ओघळ दिसला, की गाडीला चढावर दम का लागत होता ते कळतं. व्हॉल्व्ह काढून पुठ्ठ्याच्या भोकांत क्रमाने खोचायचे, कारण प्रत्येकाची आपापल्या बैठकीशी जुनी ओळख असते. मग ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी टोकाची काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवत राहायची. आधी खरखर येते, पुढे ती मऊ होत जाते, आणि केव्हातरी बैठकीवर अखंड राखाडी कडं उमटतं. घरातून एव्हाना दोनदा हाक आलेली असते. काम लवकर आटपावं असं मला मुळीच वाटत नसतं.

हेडसाठी इंजिनातलं पाणी सोडलंच आहे, तर वॉटर पंपही बघून घ्यावा. ही गाडी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना कधीच थांबला. मुंबईच्या टॅक्सीतूनही पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात गेली. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात नीट शोधलं तर तिचे भाग अजून हाती लागतात. तिथे गाडीचं वर्ष सांगून भागत नाही, जुना तुकडा दाखवावा लागतो. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझा पंप हातात घेतला, कागदात गुंडाळलेला होता तो सोडवला, दांडा चिमटीत धरून हलवला, बेअरिंग कोणत्या बाजूला जास्त खाल्लंय ते अंगठ्याने चाचपलं. गाडी त्याने पाहिलेली नव्हती.

“आधीचा मालक फॅनचा पट्टा फार ताणून ठेवायचा वाटतं,” असं म्हणून तो आत नवा पंप शोधायला गेला.