लिंबूटिंबू

आमच्या नातीला गेल्या कार्तिकात पाच वर्षे पूर्ण होऊन सहावे लागले. जुन्या इंदुरातील आमच्या घरी वाढदिवस दोन होतात. तिथीला पाटावर बसवून औक्षण, कुलदेवतेपुढे नारळ आणि वाटीभर खीर. तारखेला अंगणात मुलांचा मेळावा, केक आणि फुगे. पहिल्याची व्यवस्था घरातील बायका न बोलता करतात. दुसऱ्यासाठी सूनबाईंनी आठ दिवस आधी एक यादी करून स्वयंपाकघराच्या दारावर लावली. सर्व कामे कर्त्या मंडळींनी वाटून घेतली होती, आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘खेळ : बाबा’ एवढेच लिहिलेले आम्हांस आढळले.

सेवानिवृत्त मनुष्यास असे काम लाभावे याचा वास्तविक आनंद व्हायचा. आम्हांस मात्र ती ओळ वाचून किंचित धास्तीच वाटली. गेल्या वर्षीही हे काम आमच्याकडेच होते, आणि ते आम्ही चांगले केले नव्हते.

गेल्या वर्षी आम्ही संगीत खुर्ची ठेवली होती. मुले बारा आणि खुर्च्या अकरा. पहिल्याच फेरीत मागल्या गल्लीतील एक चार वर्षांची मुलगी उभी राहिली. आम्ही मोठ्या उत्साहाने ‘आउट!’ म्हणून ओरडलो, मुले हसली, आणि ती मुलगी ओट्याच्या कडेला जाऊन बसली. पुढे खेळ रंगला. केक कापताना तिची आठवण झाली, तेव्हा ओटा रिकामा होता. ती केव्हाच घरी निघून गेली होती. तिचे आजोबा संध्याकाळी शनिमंदिराच्या बाजूने फिरावयास येतात, आमची रोज गाठ पडते. त्यांनी याविषयी कधी अवाक्षरही काढले नाही. परंतु रोज दुपारी आमच्या अंगणात येणाऱ्या त्या मुलीने त्यानंतर वर्षभर आमचा उंबरठा ओलांडला नाही. एका मुलीच्या वाढदिवशी आम्ही दुसऱ्या मुलीस घराबाहेर काढले होते, आणि तेही नियमास धरून!

यंदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा प्रथम त्या खेळाचाच हिशेब मांडला. बारा मुले आणि अकरा खुर्च्या म्हणजे अकरा फेऱ्या. प्रत्येक मूल प्रत्येक फेरीत खेळते तर एकूण १३२ पाळ्या झाल्या असत्या. प्रत्यक्षात खेळल्या जातात ७७. उरलेल्या ५५ पाळ्या मुले नुसती बसून राहतात. बरे, पहिल्या फेरीत बाद होते ते बहुधा सर्वांत लहान, सर्वांत बुजरे मूल. ज्याला खेळण्याची अधिक गरज, त्यालाच दहा फेऱ्या प्रेक्षक करून ठेवणारा असा हा खेळ आहे. मोठ्यांच्या स्पर्धेत ते शोभेल. पाच वर्षांच्या मुलीच्या अंगणात ते शोभत नाही, एवढे त्या आकड्यांनी आमच्या पदरात घातले.

मग आमचे स्वतःचे बालपण आठवले. आमच्या मातोश्री माहेरच्या गोव्याच्या. माळव्यात सारा संसार झाला तरी राग आला म्हणजे त्यांची भाषा कोकणीच होई. आम्ही भावंडे याच अंगणात लगोरी खेळत असू, आणि धाकटा मध्येच लुडबुड करी म्हणून त्याला पिटाळून लावीत असू. तो रडत आत गेला की आतून आवाज येई, “कोणाकच भायर दवरूं नाकात!” कोणालाही बाहेर ठेवू नका. निरुपाय होऊन आम्ही त्याला परत घेत असू, पण एका अटीवर : तो लिंबूटिंबू.

लिंबूटिंबू हा शब्द वाचकांपैकी कोणास समजावून सांगावा लागेल असे वाटत नाही. तो खेळात असतो, धावतो, ओरडतो, चेंडूही फेकतो. पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्याही क्रीडामंडळाने छापलेला नाही. तरी मराठी मुलखातील प्रत्येक गल्लीत तो पाळला जातो, आणि लिंबूटिंबूला बाद करणाऱ्या मोठ्या मुलास इतर मुलेच दटावतात. आपल्या पूर्वजांनी मुलांसाठी केलेल्या कायद्यांत इतका दयाळू कायदा दुसरा नसेल.

बाद झालेल्याचे पुढे काय करायचे, या प्रश्नाचा विचार आपल्या खेळांनी फार बारकाईने केलेला दिसतो. हुतुतूचेच पाहा. त्याचे तीन जुने प्रकार होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. ‘संजीवनी’त समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. ‘अमर’ प्रकारात तर बाद झालेला मैदान सोडीतच नसे; विरुद्ध पक्षास फक्त एक गुण मिळे. १९९० साली पेइचिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत जी कबड्डी पदकाचा खेळ म्हणून दाखल झाली, तिच्यात संजीवनीचेच तत्त्व आहे. या दृष्टीने पाहिले असता संगीत खुर्ची ही गामिनीहूनही कठोर ठरते, कारण गामिनीत निदान पुढच्या डावाची आशा असे.

मंदिराच्या वातावरणात वाढलेल्या वाचकांस आणखी एक गोष्ट आठवेल. गोकुळाष्टमीनंतरच्या गोपालकाल्यात श्रीकृष्णाच्या सवंगड्यांमध्ये पेंद्या असतो. तो लंगडा आहे, बोबडा आहे, कोणत्याही शर्यतीत शेवटचा येणारा आहे. तथापि पेंद्यावाचून काला झाल्याचे आपण कधी ऐकले आहे काय? प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवायची, मग कोणाची भाकरी आणि कोणाचे लोणचे हे विचारायचे नाही, हा त्या खेळाचा नियम. तुकोबांनी विटीदांडू, हुतुतू, हमामा, फुगडी, टिपरी अशा खेळांवर अभंग रचले. परमार्थ सांगण्यास त्यांना मुलांचा खेळ हलका वाटला नाही. मग आम्हांस तरी मुलांच्या खेळाची आखणी हलकी का वाटावी?

या विचाराने आम्ही यंदाचे खेळ निवडले. वाचकांच्या घरी नातवंडे असतील तर उपयोग होईल म्हणून ते येथे सांगतो.

आरंभी ‘मामाचे पत्र’ ठेवले. पाहुणे एकदम येत नाहीत, एकेक येतात. गोलात बसावयाच्या खेळात उशिरा येणाऱ्यास केव्हाही जागा करून देता येते. येथे एक अडचण उद्भवली. आमच्या गल्लीतील मुले मराठी, माळवी, गुजराती, सिंधी अशी सर्व घरांची. त्यांना मामाचे पत्र ठाऊक नव्हते. नातीने हातात रुमाल घेऊन गोलाभोवती एक फेरी मारून दाखवताच सगळी एकदम म्हणाली, “अरे, ये तो कोड़ा जमाल शाही है!” लगोरीला इकडे सितोलिया म्हणतात, आणि गोव्यात ज्याला कोयंडो-बाल म्हणतात तो आपला विटीदांडू. खेळ एकच, बारसे मात्र प्रत्येक गावाने वेगळे केलेले. एक भेद मात्र आम्हांस मौजेचा वाटला. ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर मराठीत ‘राज्य’ येते. इकडची मुले म्हणतात, तो ‘दाम’ देतो. होळकरांच्या नगरीत राहून राज्य आणि दाम यांचा हा संबंध आमच्या इतक्या उशिरा ध्यानात यावा!

संगीत खुर्ची नातीने आग्रहाने मागितली, म्हणून ठेवली; परंतु खुर्च्या कमी करायच्या आणि मुले कमी करायची नाहीत, असा बदल केला. अकरा, दहा, नऊ, आठ... उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी कसेही करून मावायचे. (खुर्च्या मजबूत घ्याव्यात, आणि चारांवर आल्यावर थांबावे.) डोळे बांधण्याचा खेळ वगळला, कारण लहान मुले अंधारास भितात. धावण्याच्या खेळानंतर बसण्याचा खेळ, आणि कोणताही खेळ दहा मिनिटांपेक्षा अधिक नाही, असा क्रम लावला. बसण्याच्या खेळासाठी एका तबकात सुपारी, चमचा, बांगडी, सागरगोटा अशा दहा वस्तू मांडून त्या दाखवायच्या, मग रुमालाने झाकून त्यांची नावे सर्वांनी मिळून सांगायची.

बक्षिसांविषयी घरात थोडा वाद झाला. चिरंजीवांचे म्हणणे, बक्षिसावाचून मुलांना चुरस वाटत नाही. आम्ही गिजुभाई बधेक्यांचा दाखला दिला. १९२० साली भावनगरास दक्षिणामूर्ती बालमंदिर उभारणाऱ्या या थोर शिक्षकाचा बक्षीस आणि शिक्षा या दोहोंनाही विरोध होता. पुढे ताराबाई मोडकांनी त्यांच्याबरोबर काम करून हा विचार मराठी घरांपर्यंत आणला. अखेर सूनबाईंनी निकाल दिला : जाताना प्रत्येकास सारखीच पुडी, आत रंगीत खडू आणि पाच सागरगोटे.

शेवटचा धावण्याचा खेळ ‘विषामृत’. ज्याच्यावर राज्य तो शिवून ‘विष’ म्हणतो, आणि शिवलेल्याने जागच्या जागी पुतळा व्हायचे. दुसऱ्या कोणीही येऊन त्याला शिवून ‘अमृत’ म्हटले की तो पुन्हा धावू लागतो. म्हार्दोळच्या श्रीम्हाळसेला आपण मोहिनीरूप मानतो. त्या कथेत अमृताची वाटणी पंक्ती पाहून झाली. मुलांच्या खेळात मात्र अमृत प्रत्येकाच्या हातात असते, आणि ते दिल्याने संपत नाही.

एवढी सिद्धता झाली, तरी मागल्या गल्लीतील मुलगी येईल की नाही हा प्रश्न राहिलाच होता. आदल्या संध्याकाळी तिच्या आजोबांना आम्ही सरळ सांगितले, “गेल्या वर्षी आमची चूक झाली. यंदा कोणी बाद होणार नाही.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हिंदीत म्हणाले, “बच्ची से पूछूँगा.” मुलीला विचारीन. याहून अधिक आश्वासन मागण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

ती आली. आजोबांचे बोट धरून आली, आणि सरळ गेल्या वर्षीच्या त्याच ओट्यावर जाऊन बसली. मामाच्या पत्रास उठली नाही. खुर्च्यांच्या खेळासही नाही. नातीने दोनदा हात ओढला, तिने दोनदा सोडवून घेतला. आम्ही आग्रह केला नाही. फक्त मोठ्याने जाहीर केले, की ओट्यावर बसलेली मंडळी लिंबूटिंबू आहेत. ती बसूनसुद्धा खेळातच आहेत. तबकातील वस्तू ओळखताना बाराही डोकी अडली, तेव्हा ओट्यावरून हळू आवाज आला, “चम्मच.”

विषामृताच्या वेळी मुलांनी आम्हांसही ओढले. सांधे कुरकुरत असताना आम्ही अंगणभर धावलो, आणि अर्थातच पहिले विष आम्हांसच चढले. तुळशीवृंदावनाजवळ एक हात वर, एक पाय पुढे, अशा स्थितीत पुतळा होऊन उभे राहिलो. मुले दूर विहिरीच्या बाजूस पळाली. सूनबाईंनी केक आणून मांडला, मेणबत्त्या निघाल्या, मुलांचा लोंढा तिकडे वळला, आणि आजोबांना विष चढले आहे हे सगळी विसरली. नियम मोडून निघून जावे की उभे राहावे, अशा विचारात आम्ही होतो. गेल्या वर्षी ओट्याच्या कडेला बसून काय वाटले असेल, ते त्या दोन मिनिटांत आम्हांस पुरते कळले.

तेवढ्यात धोतराचा सोगा कोणी तरी ओढला. खाली पाहिले. ओट्यावरची मुलगी होती. तिने आमच्या गुडघ्यास हात लावला, आणि गंभीरपणे, जणू औषध देत आहे अशा स्वरात म्हणाली, “अमृत.”

आम्ही धावलो. केकपर्यंतचे अंतर फार नव्हते, आणि आमच्यापुढे ती धावत होती.