कार्डात माझंही नाव होतं

आमच्याकडे कुणी आलं की चपला काढता काढताच पहिला प्रश्न येतो, "मेजर कसे आहेत?" आमचे हे हवालदार होते, पण आमच्या सातारकडे फौजेतला प्रत्येक माणूस मेजरच! मी म्हणते, "बरे आहेत." मग चहापाणी, चौकशी. निघताना बायका माझा हात दाबून म्हणतात, "धन्य आहे हो तुमची!" हे 'धन्य' मी सहा वर्षं इतकं मनावर घेतलं, की एक दिवस पोळ्या लाटता लाटता ओट्यापाशीच कोसळले.

२००९ साली सिक्कीममध्ये यांची गाडी रस्त्यावरून खाली गेली. मणका मोडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. खडकीच्या लष्करी रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांचा वेगळा विभाग आहे, तिथे आठ महिने काढले. धाकटी तेव्हा पहिलीत होती, तिला माहेरी ठेवली. तिथल्या सिस्टरनी मला सारं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला चुणी नको, अंथरुणात पोळीचा कण नको. ज्या अंगाला टोचलेलं कळत नाही, तिथे एवढ्याशानेही जखम होते आणि ती भरता भरत नाही. रोज आरसा धरून माकडहाड, खुबे, टाचा पाहायच्या. लाल डाग दिसला की तो भाग दाबात ठेवायचा नाही.

यांनाही शिकवलं होतं बरं का! पलंग आणि चाकाची खुर्ची यांच्यामध्ये फळी टाकायची, दोन्ही हातांवर जोर देऊन त्यावरून सरकायचं. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलायचं, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. खडकीलाच १९७४ साली सुरू झालेलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथले जवान चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हात चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. मी ते पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, आणि घरी आल्यावर नेमकी उलट वागले.

यांनी फळीला हात लावला की मी धावायची. "राहू द्या हो, मी आहे ना!" दाढीचं पाणी मी द्यायचं, शर्ट मी चढवायचा, रात्री दर दोन तासांनी कूस मीच बदलायची. जाऊबाई म्हणाल्या, "रविवारी मी बसते, तुम्ही जरा देवळात तरी जाऊन या." मी नको म्हटलं. परक्या माणसाला यांच्या अंगाला हात लावू देणं मला कमीपणाचं वाटे. खरं सांगू? त्यात थोडा अभिमानही होता. आणि या अभिमानाने चुका टळत नाहीत. एका थंडीत यांचे पाय गार लागले म्हणून मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. यांना चटका कळणार कसा? सकाळी हे मोठे फोड! ते भरायला दोन महिने लागले. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर पिशवी पायाशी मुळीच नेऊ नका, पायमोजे घाला.

२०१६ च्या त्या सकाळी दिराने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, वरचा आकडा १९० निघाला. त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी कधी तपासलं होतं?" मी म्हटलं, "गेल्याच आठवड्यात, नॉर्मल होतं." ते म्हणाले, "अहो, यजमानांचं नाही, तुमचं!"

माझं? माजी सैनिकांसाठी २००३ साली ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना सुरू झाली. तिच्यात बायकोलाही उपचार मिळतात. यांची फाइल घेऊन दर महिन्याला मी त्या पॉलिक्लिनिकमध्ये रांगेत उभी राहत होते. कार्डात माझंही नाव होतं, पण मला एकदाही वाटलं नाही की आपणही इथे दंड पुढे करावा.

चार दिवसांनी घरी आले, तर हे दारात खुर्चीत बसलेले. दाढी केलेली, शर्टाची बटणं लावलेली. पलंगावरून खुर्चीत एकटे आले होते, फळीवरून. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. छे! माझं डोकंच फिरलं. "हे येत होतं तर इतकी वर्षं का नाही केलंत?" हे शांतपणे म्हणाले, "तू करू कुठे देत होतीस?" दोन दिवस मी बोलले नाही. कपडे वाळत घालताना एकटीच रडत होते. सहा वर्षांत हा माणूस किती वेळा फळीकडे बघून गप्प बसला असेल, तेच आठवत राहिलं.

मग घडी बदलली. पलंगाला दोर बांधला, तो धरून हे स्वतः कुशीवर होतात. उशाशी गजराचं घड्याळ आहे, ते वाजलं की यांनी उठायचं, मी नाही. शनिवारी रात्री पुतण्या झोपायला येतो. अपंगत्व शंभर टक्के ठरलं असेल आणि सतत सोबत लागत असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवरून पेन्शनबरोबर सोबतीसाठी वेगळा भत्ता मिळतो. इतके दिवस तो किराण्यात जात होता. (सोबतीचं माणूस म्हणजे मीच ना!) आता त्यातून सकाळी दोन तास एक मुलगा येतो, आंघोळ आणि उचलणं त्याच्याकडे. उचलायची वेळ माझ्यावर आलीच, तर कमरेतून वाकत नाही, गुडघ्यात वाकते.

तुमच्यापैकी कुणाचे यजमान सरहद्दीवर असतील आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं एकटीने करत असाल, तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन चौकशी करा. सगळे कागद आणि त्यांच्या दोन दोन प्रती बरोबर असू द्या, म्हणजे दुसरी खेप पडत नाही. आणि त्यांच्या गोळ्या आणायला जाल तेव्हा स्वतःचा रक्तदाबही तपासून घ्या.

परवा संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. चपला काढता काढता विचारलं, "मेजर कसे आहेत?"

मी म्हटलं, "आत आहेत, त्यांनाच विचारा. चहाही तेच करतील, गॅस त्यांच्या उंचीला खाली घेतलाय. मी जरा फिरून येते."