ताकदीचा डबा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतण्याने बेळगावच्या बाजारातून एक मोठा डबा निपाणीस आणला. मुलगा तालमीत जाणारा. दूध, बदाम, थंडाई हा पैलवानांचा जुना खुराक त्यास अपुरा वाटू लागला होता. डब्यात अमिनो आम्लांची पूड होती.

त्याच सुमारास आमचे थोरले बंधू तापातून उठले होते. अशक्तपणा काही हटेना. वहिनींनी विचारले, "भावजी, यातली चमचाभर पूड ह्यांना दुधातून देऊ का?" आम्ही चार बुके वाचलेले, ऐटीत म्हणालो, "द्या की वहिनी. प्रथिनांचाच अंश तो, बाधणार नाही." बंधूंस मूत्रपिंडाचा जुना विकार आहे हे आम्हांस ठाऊक होते, पण त्या क्षणी ते मनात आले नाही.

तीन आठवड्यांनी त्यांस मळमळू लागले, अन्न जाईना. डॉक्टरांनी रक्त तपासले. युरिया वाढला होता. "घरी काय काय देता?" या प्रश्नास उत्तर देताना वहिनींनी आमच्याकडे एकवार पाहिले. बोल मात्र लावला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

डॉक्टरांनी शांतपणे समजाविले. शरीरातील प्रथिने २० अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी ९ अन्नातूनच मिळवावी लागतात. गरजेहून अधिक आलेली आम्ले साठविण्याची सोय देहात नाही. ती मोडतात, यकृतात त्यांच्या नायट्रोजनाचा युरिया होतो, आणि तो बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. निरोगी मूत्रपिंडे हे ओझे वाहतात. दुखऱ्यांस ते पेलत नाही.

ही आम्ले निरुपयोगी आहेत असे नव्हे. ज्यांचे पोट अन्न घेऊ शकत नाही अशा रोग्यांस इस्पितळात ती शिरेतून देतात. पण तेथे मोजमाप असते, देखरेख असते. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल दुकानातून घेऊन खाणारे १,५०० हून अधिक लोक तीव्र स्नायुवेदनांच्या विकाराने आजारी पडले. ३० हून अधिक दगावले. शोध घेता बहुतेकांचा माल एकाच जपानी कारखान्यातला निघाला, आणि त्यातील अशुद्ध द्रव्यांवर संशय गेला.

आपल्या ज्वारीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. तीत ल्युसिन पुष्कळ, लायसिन थोडे. दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे. १९६० मध्ये डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी त्यासाठी ल्युसिनच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. पुढे त्यावर मतभेद झाले. परंतु लायसिनची उणीव डाळी भरून काढतात, हे निर्विवाद. भाकरीशेजारी अख्खा मसूर किंवा हुलग्याची आमटी वाढणाऱ्या आमच्या आजीस ही नावे ठाऊक नव्हती. ताट मात्र तिचे पुरे होते.

बंधू आता सावरले आहेत. त्यांची डाळसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच शिजते. पुतण्याही अंडी, दूध आणि उसळीवर जोर काढतो. वाचकहो, घरात कोणी मूत्रपिंडाचा वा यकृताचा रोगी असेल, कोणी गरोदर असेल किंवा नित्याचे औषध घेत असेल, तर असला डबा उघडण्यापूर्वी डॉक्टरांस विचारा. आमच्यासारख्या चार बुके वाचलेल्यास विचारू नका.