सूतक नसलेला माणूस

लातूरच्या ट्यूशन एरियात काय किंवा नांदेडच्या भाग्यनगरात काय, बारावी आणि नीटसाठी बाहेरगावाहून आलेली मुलं वरच्या मजल्यावर राहतात आणि खाली घरमालकाचं बिऱ्हाड असतं. अशा घरात मयत झाली की गावाहून आईचा फोन येतो: आठ-दहा दिवस इकडं ये, नाहीतर दुसरी रूम बघ, त्यांच्या दुःखात तुझी अडचण नको. सल्ला मायेचा आहे, पण मला तो पटत नाही. दुःखाच्या घरात परका माणूस अडचणीचाच, हे आपण गृहीत धरतो. आपल्या रीती मात्र वेगळंच सांगतात. मयतीच्या घरी चूल पेटत नाही. कडू घास शेजारी किंवा सोयरे आणतात, कारण भावकीला स्वतःलाच सूतक असतं. मुसलमान मोहल्ल्यांतही मय्यतीच्या घरी पहिले दिवस जेवण शेजारपाजारून येतं. रक्ताचं नातं नसलेल्यालाच रीतीने काम नेमून दिलं आहे.

यावर कुणी म्हणेल, हा विटाळाचा हिशेब, त्याचा आधार कशाला घ्यायचा? रास्त आहे. पण लातूर भागात लिंगायत समाज मोठा, आणि बसवण्णांच्या विचारात सूतकाला थाराच नाही. तरी शोकातल्या माणसाला कुणीतरी बळेच जेवायला बसवावं लागतं, ते तिथेही चुकत नाही. आणि विटाळाची गोष्ट पार बाजूला ठेवायची तर किल्लारीचा भूकंप आठवावा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. गल्लीच्या गल्लीत, सोयऱ्याधायऱ्यांकडेही मयत. कडू घास आणायचा कुणी? तो लष्कराच्या जवानांनी, परगावच्या स्वयंसेवकांनी, कधी नावही न सांगणाऱ्या माणसांनी आणला. पुढे समाजसेवक शांतिलाल मुथ्था यांनी तिथली शेकडो मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, तेव्हा एक अख्खं शहर त्या मुलांचं यजमान झालं. सगळेच दुःखात असतात तेव्हा हातपाय हलवू शकतो तो परकाच.

भाडेकरूचं नातं पैशाचं, त्याच्यावर हे ओझं का, हा आक्षेप मात्र खरा आहे. सतरा वर्षांचं लेकरू, डोक्यावर टेस्ट सिरीज; त्याने रडणाऱ्या घराला सावरावं असं कुणी म्हणू नये. सांत्वन त्याला जमणारही नाही, आणि ते करायला भेटायला येणारे पुष्कळ असतात. त्याच्याकडून हवं ते फार थोडं आहे: गॅसवाला आला तर दार उघडणं, नळाला पाणी आलं की मोटर लावणं, गाण्याचा आवाज कमी ठेवणं, मेसला जाताना काही आणायचं का म्हणून विचारणं. नांदेडच्या गोवर्धन घाटावरचे विधी आटोपतात, तेराव्याचं जेवण होतं, पाहुणे गाड्या गाठतात. तिथून पुढचे दिवस घराला जास्त जड जातात, आणि त्या दिवसांत घरात घरच्यांशिवाय असतो तो फक्त हा भाडेकरू. घरच्यांना एकटं राहायचं असेल आणि त्यांनीच तसं सांगितलं, तर निमूट जावं. मात्र ते त्यांनी सांगावं, आपण परस्पर ठरवू नये. आणि राहायचंच तर भाडंही ठरल्या तारखेला, खाली जाऊन, हातात द्यावं. मोबाइलवरून पाठवलं तर खालच्या घरमालकीण काकूंशी त्या निमित्ताने होणारं दोन मिनिटांचं बोलणंही होत नाही.