स्तेफनचा टॉमस

‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स यांचे नाव शाळेत मराठी शिकलेल्या कोणाच्याही कानांवरून केव्हा ना केव्हा गेलेले असते. मात्र या आडनावाचा आपण करतो तो उच्चार त्यांच्या तीर्थरूपांना ओळखीचा वाटला नसता. इंग्लंडात हे आडनाव लिहिताना ‘फ’ असला तरी बोलताना त्याचा ‘व’ होतो. म्हणजे ते झाले स्टीव्हन्स. गोव्यास पोहोचताच फादरांनी 1579 साली वडिलांना एक पत्र पाठविले होते. ते पुढे दहा वर्षांनी हॅक्लूट नावाच्या इंग्रज संग्राहकाने छापले, त्यातही बापलेकांचे आडनाव ‘व’नेच लिहिले आहे. आम्ही ही चूक काढावी म्हणून लिहीत नाही. परक्या जिभेवर गेलेले नाव बदलतेच, आणि या नावाचे बदलणे तर फार जुने आहे.

मुळात हा शब्द ग्रीक. स्तेफानोस म्हणजे मुकुट. पण राजाच्या मस्तकावरील सोन्याचा नव्हे. शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानाफुलांची जी वेटोळी घालीत, ती स्तेफानोस. आपल्याकडील नवरदेवाच्या बाशिंगाशी तिचे नाते अधिक जवळचे. हे नाव धारण करणारा एक तरुण प्रेषितांनी निवडलेल्या सात सेवकांपैकी होता. विधवांच्या अन्नवाटपात कुरबूर होऊ लागली म्हणून या सातांची नेमणूक झाली, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचणाऱ्यास ठाऊक आहेच. त्याला दगडांनी ठार मारण्यात आले. तो ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबरला, त्याचा सण येतो. पाळण्याची सजावट उतरविण्याआधीच वेदीवर लाल वस्त्रे चढतात.

नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर संतांची नावे तेथे घरोघर रूढ झाली. 1135 ते 1154 या काळात तर स्तेफन नावाचा राजाच त्या देशावर होता. आडनावे मात्र सामान्य माणसाला हळूहळू चिकटली. एका गावात चार जॉन झाले की कोणता जॉन, हे सांगावे लागे. मग कोणी बापाच्या नावाने ओळखला जाई, कोणी गावाच्या, कोणी धंद्याच्या, कोणी अंगच्या खोडीच्या. साधारण 1400 च्या सुमारास ही ओळख बहुतेक घरांत बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली. ‘स्टीफन्स’मधील शेवटचा ‘स’ हा आपल्या ‘चा’ प्रत्ययाचा भाऊ. स्टीफन्स म्हणजे स्तेफनचा. उत्तरेकडे अशा ठिकाणी मुलगा या अर्थाचा ‘सन’ जोडण्याची चाल अधिक. दक्षिणेत व पश्चिमेत नुसत्या ‘स’वर काम भागे. आमचे फादर दक्षिणेकडील विल्टशर परगण्यातले, तेव्हा त्यांच्या घराण्यास ‘स’ लाभावा हे यथास्थितच म्हणावयाचे.

लाखनीत राहणाऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या झाडीपट्टीत रामटेके आहेत, नागपुरे आहेत. गाव सुटले तरी गावाचे नाव घराला धरून राहिले. या बाबतीत घाई मात्र करू नये. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे नाव ऐकून आमच्या जिल्ह्यातील एखाद्याची छाती फुगते. पण ते आडनाव भांडारावरून आले, भंडाऱ्यावरून नव्हे.

हे सारे आज लिहावयास बसलो त्याला निमित्त आहे. लाखनीच्या आमच्या लहानशा मंडळीतील एक तरुण नोकरीच्या मुलाखतीस गेला होता. अर्ज पाहून समोरच्या गृहस्थांनी विचारले, “आडनाव तर अगदी इकडचे, मग ख्रिस्ती कसे?” त्याने काहीतरी उत्तर दिले. परत आल्यावर मात्र तो आमच्यापाशी दोन तास बसला. “फादर, आडनाव बदलून टाकू काय? निदान विचारणार तरी नाहीत,” असे तो म्हणाला. तेव्हा आमच्याकडे वसईच्या एक धर्मभगिनी आल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बदलू नको बाळा. माझे आडनाव पोर्तुगीज. मला विचारतात, तुम्हांला मराठी कसे येते?”

त्या तरुणास आम्ही फादर स्टीफन्सची हकीकत सांगितली. विल्टशरमधील बुश्टन नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला, सुमारे 1549 साली. मायदेशात कॅथलिकांना दिवस वाईट होते. रोमला जाऊन ते येशू संघात दाखल झाले, आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरले. पोर्तुगीजांना त्यांचे आडनाव पेलेना, म्हणून त्यांनी त्याचे सरळ भाषांतरच केले: स्तेफनला त्यांच्या भाषेत इस्तेव्हाँव म्हणतात, तेव्हा हे पाद्री टॉमस इस्तेव्हाँव झाले. त्यात मौज अशी की ‘चा’ दाखविणारा तो ‘स’ वाटेत गळाला. बापाच्या नावाचा मुलगा गेला, नुसता बाप उरला! काहींनी त्यांना गावावरून ओळखले. जुन्या लिखाणात ते पाद्री बुस्तेन किंवा बुस्टन असेही भेटतात. आपल्या रीतीने बोलावयाचे तर बुश्टनकर.

एका माणसाची ही तीन नावे. त्यांनी त्यांतील कोणत्याही नावासाठी भांडण केल्याचे दिसत नाही. साष्टीच्या लोकांत ते चाळीस वर्षे राहिले, आणि 1616 मध्ये राचोलला त्यांचे पुराण छापून निघाले, रोमी लिपीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. त्यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली तेथेच छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर इस्तेव्हाँव हेच नाव आहे. 1907 साली पुराणाची नवी आवृत्ती निघाली. मंगळूरला सालढाणा यांनी ते रोमी लिपीत काढले, आणि 1956 मध्ये पुण्यास शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना परका म्हणून कोणी बाजूस बसविलेले नाही.

“पण ते मोठे होते, फादर,” तो तरुण म्हणाला. हे उत्तर आम्हांस अपेक्षित होते, आणि त्यात तथ्यही होते. मोठ्यांच्या नावाला लोक आपले म्हणतात. नोकरी मागणाऱ्याचे नाव तपासतात. मग आम्ही त्याला जवळच्या वाटेने नेले. लाखनीवरून जाणारा हमरस्ता पुढे राजनांदगावास पोहोचतो. त्याच राजनांदगावी जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर दुरावले, लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. पण आडनाव टिळकच राहिले. ते टाकावे असे ना त्यांना वाटले, ना कोणी मागितले. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू नाव विचारतो, आडनाव विचारीत नाही. हा विधी आम्ही इतकी वर्षे करीत आलो आहोत.

वसईकडे पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे 1739 पर्यंत, निराळी रीत पडली. संस्कार घेणाऱ्याला धर्मपित्याचे आडनाव मिळे. म्हणून तेथे लोपीस आहेत, म्हणजे लोपेचे. रॉड्रिग्ज आहेत, म्हणजे रॉड्रिगोचे. तोच ‘चा’, भाषा तेवढी निराळी. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जानेवारी 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीस काहींनी विरोध केला होता, हेही आम्ही त्या तरुणापासून लपविले नाही. 2024 च्या जुलैत फादर गेले.

“आणि दिब्रिटो म्हणजे काय?” त्याने विचारले. आम्ही सांगितले की ‘दि’ म्हणजे ‘चा’, आणि ब्रिटो हे पोर्तुगालमधील एक गाव.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “म्हणजे ब्रिटोकर!”

धर्मभगिनींना हे इतके आवडले की त्यांनी ते कागदावर टिपून घेतले. त्याने नंतर आणखी एके ठिकाणी अर्ज केला आहे, जुन्याच आडनावाने.